दोन वर्षांच्या मुलीची सीलिअॅक, म्हणजे गव्हातील ग्लूटेन या प्रथिनामुळे आतड्याला इजा होणाऱ्या आजारासाठी तपासणी करायची आहे, तर पोळी आधीच बंद करावी का?

नाही, तपासण्या पूर्ण होईपर्यंत पोळी, रव्याची खीर, बिस्किटे यांपैकी काहीही बंद करू नये; कारण रक्तात शोधली जाणारी टीटीजी-आयजीए प्रतिपिंडे गहू सुटला की हळूहळू उतरतात आणि आजार असूनही अहवाल निर्दोष येऊ शकतो. फुगलेले पोट, बारीक दंड आणि अडलेले वजन पाहून आई-वडिलांचा जीव कासावीस होतो, तरीही ही घाई टाळावी. युरोपातील बालपचनविकार तज्ज्ञांच्या संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार टीटीजी-आयजीएचे प्रमाण सामान्य मर्यादेच्या १० पट किंवा अधिक असेल आणि रक्ताच्या दुसऱ्या नमुन्यात ईएमए ही या आजारातली दुसरी प्रतिपिंडेही आढळली, तर आतड्याचा तुकडा न काढताही निदान करता येते. मात्र सुरुवातीलाच एकूण आयजीए (प्रतिपिंडांचा एक प्रकार) मोजून घ्यावे. ते मुळातच कमी असलेल्या मुलांत टीटीजी-आयजीएच्या अहवालावर विसंबता येत नाही.