पहिली वेबसाइट करताय? आधी मजकूर, मग रंग

पहिलीच वेबसाइट ना? छान! फक्त रंग आणि अ‍ॅनिमेशन निवडायची घाई करू नका. आधी खरा मजकूर लिहून घ्या. नमुन्याच्या मजकुरावर बेतलेली मांडणी खरा मजकूर येताच कोलमडते, आणि नवशिके नेमके तिथेच कंटाळतात.

पान देखणं दिसतं ते बरंचसं अक्षरांमुळे. त्यामुळे सगळ्यात जास्त वेळ इथे द्या:

- मुख्य मजकूर १६ पिक्सेलपेक्षा लहान नको.
- ओळींची उंची अक्षराच्या दीडपट. देवनागरीत मात्रा-उकारांना जागा लागते, म्हणून थोडी जास्तच ठेवा.
- फॉन्ट एक, फार तर दोन.
- पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरं अजिबात नकोत. डब्ल्यूसीएजीच्या (वेबसाइट सगळ्यांना वापरता यावी यासाठीच्या नियमांच्या) एए या मधल्या पातळीनुसार साध्या मजकुराचा पार्श्वभूमीशी कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजळपणातला फरक, किमान ४.५ : १ हवा. तपासायची साधनं फुकट मिळतात.

मोकळी जागा दिसली की काहीतरी भरावंसं वाटतं. नका भरू. संबंधित गोष्टी जवळ, बाकीच्या लांब, एवढ्यानेच पान नीटनेटकं होतं.

सुरुवात मोबाइलच्या रुंदीपासून करा. कॅमेऱ्यातला फोटो तसाच चढवू नका, आधी आकार कमी करा. मेनूत सगळ्यांना कळणारे साधे शब्द ठेवा.

झालं की कुणाला तरी पान देऊन एखादं काम सांगा, उदाहरणार्थ संपर्काचा नंबर शोधायला. तुम्ही गप्प बसून बघा. ते अडखळतील तिथे दुरुस्ती करा. फ्रेमवर्क (तयार कोडचा सांगाडा), डिझाइन सिस्टिम (ठरलेल्या रंग-बटणांचा संच) वगैरे सध्या राहू द्या. अडलात तर पान दाखवा, मिळून बघू.