घरातली गुपितं आणि चौकटीबाहेरचं प्रेम: कोणते चित्रपट बघावेत?

तुमचा प्रश्न असा आहे की घरात दडवून ठेवलेल्या गोष्टी आणि लोकांना न पटणारं प्रेम यांवरचे कलात्मक चित्रपट कोणते बघावेत. नुसता धक्का देणारे नकोत, आणि त्यातले काही आईसोबत बसून बघायचे आहेत.

या विषयावरचा चित्रपट मी एकाच गोष्टीवरून जोखते: गुपित फुटल्यावर दिग्दर्शकाकडे सांगण्यासारखं काही उरलेलं असतं का? पुष्कळ चित्रपट तिथेच संपतात. खरं घर मात्र तिथून पुढे सुरू होतं. दुसऱ्या दिवशी त्याच माणसांना त्याच स्वयंपाकघरात चहा प्यायचा असतो.

सत्यजित राय यांचा 'चारुलता' (१९६४) तुम्ही पाहिला नसेल तर आधी तो बघा. काळ १८७९चा, कलकत्त्यातलं सुखवस्तू घर. भूपती आपल्या वर्तमानपत्रात बुडालेला, बायको चारू दिवसभर एकटी. सुरुवातीला ती हातात दुर्बीण घेऊन या खिडकीतून त्या खिडकीत जात रस्त्यावरची माणसं बघत असते. तेवढ्यात भूपती वाचत वाचत तिच्या शेजारून निघून जातो, तिच्याकडे त्याचं लक्षही जात नाही. मग ती तीच दुर्बीण त्याच्या पाठमोऱ्या आकृतीवर लावते. दोन हातांवरचा नवरा तिला दुर्बिणीतून बघावा लागतो! पुढे अमल हा भूपतीचा चुलतभाऊ राहायला येतो आणि चारू त्याच्यात गुंतते. या प्रेमाची घरात कधी वाच्यताही होत नाही. अमल निघून गेल्यावर त्याचं पत्र येतं, चारू कोसळून रडते आणि भूपतीच्या ते नजरेला पडतं. भांडण नाही, जाब विचारणं नाही. शेवटी दोघांचे हात एकमेकांकडे येतात आणि मध्येच चित्र गोठतं. मूळ कथा रवींद्रनाथांची, 'नष्टनीड'. चारूची भूमिका करणाऱ्या माधवी मुखर्जींसाठी तरी हा चित्रपट बघाच.

दुसरा माइक ली यांचा 'सीक्रेट्स अँड लाइज' (१९९६). त्याला कान महोत्सवात सर्वोच्च पारितोषिक मिळालं होतं. लंडनमधली हॉर्टेन्स ही कृष्णवर्णीय मुलगी दत्तक गेलेली. सांभाळणारी आई वारल्यावर ती जन्मदात्या आईचा शोध घेते आणि सिंथिया ही कारखान्यात राबणारी गोरी बाई समोर येते. दोघी एका रिकाम्या कॅफेत शेजारी शेजारी बसतात. जवळपास आठ मिनिटं कॅमेरा जागचा हलत नाही. सिंथिया आधी ठामपणे सांगते की काहीतरी चूक झाली आहे, हे शक्यच नाही. मग बोलता बोलता तिला काहीतरी आठवतं, चेहरा बदलतो आणि तिला मुलीकडे मान वळवून बघवत नाही. सिंथिया झालेल्या ब्रेंडा ब्लेथिन यांचा तो चेहरा मी विसरू शकत नाही. माइक ली तालमींत नटांना आपल्या पात्रापुरतंच कळू देतात, त्यामुळे दोघींची पहिली भेट होईपर्यंत आपली मुलगी कृष्णवर्णीय आहे हे ब्लेथिन यांनाही ठाऊक नव्हतं. पुढे सिंथियाच्या दुसऱ्या मुलीच्या वाढदिवसाला सगळं बाहेर येतं. एकाचं गुपित फुटलं की बाकीच्यांनाही आपापलं झाकून ठेवणं जड जातं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण ती वर्षानुवर्षं आवळून धरणाऱ्या हाताचं काय होतं, ते इथे दिसतं.

मराठीत? अमोल पालेकरांचा 'थांग' (२००६) आहे. नवऱ्याचं एका पुरुषावर प्रेम आहे हे कळल्यावर बायकोचं काय होतं, याची ती गोष्ट. मृणाल कुलकर्णींनी ती भूमिका मनापासून केली आहे, चित्रपट मात्र मला थोडा जास्त बोलका वाटतो.

त्यापेक्षा कितीतरी पुढे गेलेला चित्रपट म्हणजे रोहन कानवडे यांचा 'साबर बोंडं' (२०२५). अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात जागतिक कथापट विभागाचं परीक्षकांचं सर्वोच्च पारितोषिक त्याने मिळवलं. वडील गेल्यावर आनंद मुंबईहून गावी येतो. दहा दिवसांचं सुतक, त्याचे नियम, आणि जो भेटेल त्याचा एकच प्रश्न: लग्न कधी? तिथे त्याला बाल्या हा लहानपणचा मित्र पुन्हा भेटतो. मला सगळ्यात मोलाची वाटली ती आई. मुलाचं प्रेम पुरुषांवर आहे, हे तिला माहीत आहे. भाऊबंदांसमोर ती त्याची बाजू सांभाळून घेते, मोठं भाषण न करता, सुतकातली कामं उरकता उरकता. पार्श्वसंगीत नाही, गावातले आवाजच ऐकू येतात. आपल्याकडे असं प्रेम दाखवताना कुणीतरी मरतं किंवा मार खातं. इथे दोघं शेळ्यांमागे रानात जातात, बोलतात, गप्प बसतात, आणि त्यातूनच सगळं कळतं. मराठीत असा चित्रपट झाला याचा मला मनापासून अभिमान आहे.

जर्मन दिग्दर्शक फासबिंडर यांचा 'अली: फिअर ईट्स द सोल' (१९७४) जरा कडू आहे. जर्मनीत साफसफाईची कामं करणारी एक उतारवयाची विधवा तिच्याहून खूप लहान मोरक्कन कामगाराशी लग्न करते. मुलांना ही बातमी सांगते तेव्हा एक मुलगा उठून तिच्या टीव्हीला लाथ घालतो. काही दिवसांनी तोच मुलगा परत येतो, कारण त्याच्या पोराला सांभाळायला कुणीतरी हवं असतं. नात्यांमधला स्वार्थ इतक्या थोडक्यात दाखवलेला मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

आईसोबत बघायचं तर मी 'अस्तित्व' (२०००) पासून सुरुवात करेन. तो पुरता कलात्मक नाही, संवाद नाटकी आहेत, पण तुमच्या आईला सबटायटल वाचावी लागणार नाहीत. अदिती या लग्न झालेल्या बाईच्या नावे तिच्या जुन्या संगीत शिक्षकाने आपली इस्टेट केल्याचं पत्र येतं, आणि नवरा जुन्या डायऱ्या काढून तारखा जुळवू लागतो. तब्बूने ती बाई जिवंत केली आहे. शिक्षकाशी जे घडलं ते अदितीने त्याच वेळी नवऱ्याला सांगायचा प्रयत्न केलेला असतो, त्याने ऐकून घेतलेलं नसतं, हा धागा नीट बघा. आईला तो आवडला तर मग 'साबर बोंडं' लावा, आणि मध्ये थांबवू नका.