आजोबांच्या .३७५ मॅग्नम रायफलीचा दस्ता चिरलाय, फणसाचा किंवा सागवानी नवा करून घेऊ का?

तुमची रायफल देवगडच्या घरी आहे, परवाना वडिलांच्या नावावर झालाय आणि चीर बोल्टच्या (काडतूस आत सरकवणाऱ्या दांड्याच्या) मागे, मुठीच्या बारीक जागी आहे, असं तुम्ही लिहिलंय. मी सिंधुदुर्गातलाच, सुतारकीतला. परवानाधारक दुरुस्ती दुकानात दस्ते बसवतो. माझं मत स्पष्ट आहे: फणस नको, साग तर नकोच, अक्रोड घ्या. आणि तोवर तिच्यातून एकही बार काढू नका.

आधी चीर का पडली ते बघा, नाहीतर नवा दस्ताही तिथेच फुटेल. .३७५ ची ३०० ग्रेनची, म्हणजे साडेएकोणीस ग्रॅमची गोळी सेकंदाला साडेसातशे मीटरहून जास्त वेगाने सुटते. तेवढाच रेटा उलट मागे येतो. तो झेलायला चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेच्या, खाली लोखंडाचा एक ठोकळा असतो आणि त्याने लाकडाच्या भिंतीला पूर्ण टेकायला हवं. पन्नास-साठ वर्षांत बंदुकीचं तेल मुरून ती भिंत मऊ पडते, ठोकळा मागे सरकतो आणि लोखंडाची मागची शेपटी पाचरीसारखी मुठीत घुसते. तुमची चीर बहुधा अशीच पडली असणार. म्हणून नव्या दस्त्यात ठोकळ्यामागची भिंत इपॉक्सीने भरून घ्यायची, लाकडातून आडवा लोखंडी बोल्ट टाकायचा आणि शेपटीमागे अर्धा-पाऊण मिलिमीटर फट मुद्दाम सोडायची. ती फट बघून कोणी काम ढिलं झालंय म्हणालं, तरी बुजवू देऊ नका.

आता लाकूड. सागाला पाणी आणि वाळवी सोसते, पण धक्का सोसत नाही. तो रेषेवर सरळ फाटतो. त्यातल्या तेलामुळे इपॉक्सीही नीट धरत नाही. फणसाच्या रेषा उलटसुलट गुंतलेल्या असतात, लोखंड बसायची बारीक बैठक कोरताना पटाशीखाली तुकडे उपटून येतात. शिसम मजबूत आहे, पण जड. अक्रोड धक्का पचवतो आणि कोरताना कडा धरून राहतो. विलायती जुन्या रायफलींना जो अक्रोड आहे, तीच जात काश्मिरात होते. तिथे झाड तोडायला परवानगी लागते, तेव्हा पावतीचंच लाकूड घ्या.

जातीहून रेषा महत्त्वाची. होडीच्या फासळीसाठी आपल्याकडचा सुतार मुळातच वळलेलं लाकूड शोधतो, सरळ फळीतून वळण कापत नाही, दस्त्याचंही तसंच. मुठीतून रेषा तिच्या वळणाबरोबर सलग गेल्या पाहिजेत. नक्षी हवी तर मागच्या रुंद भागात असू दे. मुठीत गाठ किंवा भोवरा दिसला तर तो लाकडाचा तुकडा कितीही देखणा असला तरी परत करा.

वाळवण्यात घाई नको. डोंगरापलीकडे सुकलेलं लाकूड आपल्या जुलैत फुगतं, आणि ते आडवं फुगतं, लांबीत नाही. पुढचं लाकूड नळीला एका बाजूने दाबायला लागलं की नेम सरकतो. नुसतं जवसाचं तेल हवेतली ओल अडवत नाही. बाहेरून तेल शोभतं, पण आतली खाचण आणि मागच्या रबरी पॅडखालचा कापलेला तोंडाचा भाग पातळ इपॉक्सीने बंद करून घ्या. हे काम झाकलं जातं, म्हणून त्यातच टाळाटाळ होते.

बैठक बसवताना शक्य असेल तर समोर उभे राहा. लोखंडाला काजळ लावून लाकडात दाबतात, उचलतात, जिथे काळा डाग उमटला तेवढंच खरवडतात. हे पुन्हा पुन्हा, दिवसचे दिवस. डाग सगळीकडे सारखा उमटला की बैठक झाली.

रायफल गावातल्या सुताराकडे ठेवू नका. शस्त्र कायद्याप्रमाणे दुरुस्तीचा परवाना असलेल्याकडेच ती देता येते. वडिलांनी मूळ परवाना घेऊन स्वतः जावं. लांबीचं मापही त्यांच्याच खांद्याचं घ्या. जुना दस्ता मात्र परत मागून घ्या, नव्याचा बाक त्यावरूनच जुळवता येतो.