छापले की नुसते पाठवले? लेबल प्रिंटरविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : द्राक्षाच्या प्रत्येक पेटीला सलग क्रमांकाचे लेबल लावतो. प्रिंटर झेडपीएल या आज्ञा-भाषेवर चालणारा, झेब्रा कंपनीचा आहे. मध्येच रिबन (शाईची पट्टी) संपते, बदलून काम सुरू केले तरी संध्याकाळी काही क्रमांक गायब असतात. संगणकावर मात्र सगळी लेबले छापून झालेली दिसतात. (पॅकहाउस, दिंडोरी)

उत्तर : संगणकाच्या लेखी 'काम झाले' म्हणजे डेटा प्रिंटरच्या हवाली केला, एवढेच. त्या वेळी लेबले प्रिंटरच्या बफरमध्ये (तात्पुरत्या स्मृतीत) रांगेत उभी असतात. रिबन संपली की प्रिंटर थांबतो, रांग शाबूत राहते. पण घाईत कुणीतरी प्रिंटर बंद करून चालू करतो आणि रांग पुसली जाते. तुमचे क्रमांक बहुधा इथेच जातात. रिबन बदलताना वीज बंद करू नका. छपाईचे हेड बसवून पॉजचे बटण दाबा. नेहमीच्या सेटिंगमध्ये अडलेले लेबल प्रिंटर पुन्हा पूर्ण छापतो, तेव्हा अर्धवट छापलेले लगेच फाडून टाका. नाहीतर एकच क्रमांक दोन पेट्यांवर जाईल, आणि निर्यातीच्या मालात ते गायब क्रमांकापेक्षा महागात पडते.

आता सॉफ्टवेअरकडचे काम. प्रिंटरला ~एचएस ही आज्ञा पाठवली (एच आणि एस ही इंग्रजी मोठी अक्षरे) की तो तीन ओळींत उत्तर देतो. पहिल्या ओळीतला दुसरा आकडा १ असेल तर कागद संपला, तिसरा १ असेल तर पॉज. पाचवा आकडा बफरमध्ये किती लेबल-फॉरमॅट (लेबल छापायच्या आज्ञांचे संच) शिल्लक आहेत ते सांगतो, सहावा १ म्हणजे बफर भरला. दुसरी ओळ समजा अशी आली :

०००,०,०,१,१,२,४,०,००००००१२,१,०००

तिसरा आकडा ०, म्हणजे हेड बंद आहे. चौथा १, म्हणजे रिबन संपली. नववा सांगतो की चालू बॅचमधली १२ लेबले अजून छापायची आहेत. प्रत्येक क्रमांकाचा फॉरमॅट तुम्ही वेगळा पाठवत असाल तर पहिल्या ओळीतल्या पाचव्या आकड्यावर नजर ठेवा. क्रमांक प्रिंटरच वाढवत असेल तर या नवव्यावर. दोन्ही शून्य झाल्याशिवाय 'छापले' अशी नोंद करू नका. शिवाय एका दमात पाचशे लेबले लोटू नका, वीस-पंचवीसच्या गटाने पाठवा. गडबड झालीच तर शोध तेवढ्यातच राहतो.

प्रश्न : सीरियल केबलवर छपाई उत्तम होते, पण स्टेटस विचारले की उत्तरच नाही. (अंबड औद्योगिक वसाहत)

उत्तर : छपाईला एकच दिशा पुरते, उत्तराला परतीची तार लागते. बाजारातून जोडून आणलेल्या केबलमध्ये ती बरेचदा सोडलेली असते. नऊ पिनांच्या जोडणीत संगणक ३ वरून पाठवतो, २ वर ऐकतो आणि ५ ही ग्राउंड. केबल प्रिंटरकडून काढा आणि त्या टोकाच्या २ व ३ पिना तारेने जोडा. टर्मिनल प्रोग्राममध्ये हार्डवेअर फ्लो कंट्रोल (वेगळ्या तारांवरून डेटा थांबवण्याची सोय) बंद ठेवून काही टाइप करा. टाइप केलेले परत उमटले तर संगणक, कन्व्हर्टर आणि त्या दोन तारा ठीक आहेत.

तार ठीक असूनही उत्तर अर्धवट येत असेल, तर सॉफ्टवेअर पहिली ओळ वाचून थांबत असेल. प्रत्येक ओळ हेक्स (सोळा-आधारी आकड्यांत) ०२ ने सुरू होते, हेक्स ०३ ने संपते; तिसरा ०३ येईपर्यंत वाचत राहा. ९६०० बॉडच्या वेगाला ही सुमारे ८० अक्षरे सेकंदाच्या दहाव्या भागात येतात, तरी एक सेकंद वाट बघा. उत्तरात हेक्स ११ किंवा १३ घुसलेले दिसले तर प्रिंटर एक्सऑन-एक्सऑफ (डेटा सोडा-थांबवा असे संकेत) वापरतोय आणि संगणकावर ते बंद आहे. दोन्हीकडे सारखे करा, नाहीतर मोठ्या लेबलात डेटाही गळेल.

प्रश्न : यूएसबी प्रिंटर विंडोजवर शेअर केला आहे. दुसऱ्या संगणकावर तो कायम 'रेडी' दिसतो, कागद संपला तरी. (सातपूर)

उत्तर : शेअरिंगमध्ये दुसरा संगणक पहिल्याच्या छपाई रांगेशी बोलतो, प्रिंटरशी नाही. तिथून ~एचएसचे उत्तर मिळेल या आशेवर राहू नका. प्रिंटरला इथरनेट असेल तर ९१०० पोर्टवर थेट जोडा. मात्र बरेच प्रिंटर या पोर्टवर एका वेळी एकच जोडणी घेतात. एका संगणकाने ती धरून ठेवली की दुसऱ्याची छपाई अडते. विचारा, वाचा, जोडणी सोडा. दोन-तीन सेकंदांनी एकदा विचारणे पुष्कळ झाले.

प्रश्न : आमचा प्रिंटर टीएसपीएल या आज्ञा-भाषेचा आहे. ~एचएसला दाद देत नाही. (सिन्नर)

उत्तर : भाषाच वेगळी आहे. एस्केप (हेक्स १बी), मग ! आणि ? असे तीन बाइट पाठवा. उत्तर एका बाइटचे येते, हेक्समध्ये वाचा. ०० ठीक, ०१ हेड उघडे, ०२ कागद अडकला, ०४ कागद संपला, ०८ रिबन संपली, १० पॉज, २० छपाई चालू. यांची बेरीज होते : ०९ आले तर रिबन संपली आहे आणि हेडही उघडे आहे. म्हणून आकडा थेट जुळवून बघू नका, एकेक बिट तपासा.