तुम्ही विचारलंत: घरातलंच फर्निचर आणि घरातलंच पाळणाघर

या वेळची बरीच पत्रं घरी पाळणाघर चालवणाऱ्यांची आहेत. त्यातली चार घेतलीयेत. पहिल्या पत्राने निम्मी जागा खाल्लीय, पण ते पत्रच तसं आहे.

प्रश्न: ताई नमस्कार, मी घरीच पाळणाघर चालवते. सहा मुलं आहेत, सगळ्यात लहान नऊ महिन्यांचं आणि मोठी पाच वर्षांची. हॉलमधे आमचं छातीएवढं उंच ड्रॉवरवालं कपाट आहे, त्याच्यावर टीव्ही. मागे एकदा अडीच वर्षांच्या एकाने खालचे ड्रॉवर ओढून त्यात पाय दिला आणि अख्खं कपाट पुढे झुकलं. हे घरी होते म्हणून धरलं, नाहीतर काय झालं असतं विचारूच नका. आता ड्रॉवरना प्लास्टिकचे लॉक लावलेत आणि कपाट रिकामंही केलंय. घरमालक भिंतीला भोकं पाडू देत नाहीत. एवढं पुरेल ना?

उत्तर: नाही पुरणार, आणि कपाट रिकामं करून तर उलट झालंय. बंद ड्रॉवरमधे खाली जड सामान असेल तर कपाट जरा तरी जागेवर बसून राहतं, रिकामं कपाट हलकं, ते मुलाच्या वजनाने अजून पटकन येतं. बघा, ड्रॉवर उघडले की कपाटाचं वजन पुढे सरकतं आणि त्यात उभं राहिलेलं मूल तर कपाटाच्या पायांच्या रेषेच्या पूर्णच बाहेर असतं, मग बारा-तेरा किलोचं पोरसुद्धा कपाट स्वतःच्या अंगावर ओढून घेऊ शकतं, त्याला ताकद लागतच नाही. वर टीव्ही असेल तर तो आधी घसरतो, आणि खाली मुलाचं डोकं असतं. म्हणून टीव्ही आजच खाली उतरवा. भिंतीवर नाहीतर बुटक्या रुंद स्टँडवर, मागे सरकवून आणि पट्ट्याने बांधून.

ही काही फक्त तुमच्याच घरातली भानगड नाही. अमेरिकेत 2016 मधे आयकिया कंपनीने जवळपास 2 कोटी 90 लाख ड्रॉवरवाली कपाटं परत मागवली, मुलं त्याखाली दगावल्यामुळे. 2022 मधे तिथे यासाठी वेगळा कायदाच झाला आणि आता नव्या कपाटाची चाचणी 27 किलोच्या मुलाचं वजन धरून करतात, ड्रॉवर उघडे ठेवून, खाली गालिचा आहे असं समजून. आणि हा नियम लागतो 27 इंच उंचीपासून, म्हणजे मोठ्या माणसाच्या कमरेच्याही खाली. आपण म्हणतो की बुटकंच तर आहे, त्याने काय होतंय. होतं. तुमचं तर छातीएवढं आहे.

लॉकबद्दल माझं मत फार चांगलं नाही. चिकटपट्टीवाले लॉक ओढून ओढून निघतात आणि तुमच्या पाच वर्षांच्या बाईसाहेब ते कसे उघडायचे हे बघून बघून शिकणार, मग धाकट्यांना उघडूनही देणार. लॉक राहू देत, पण भरवसा भिंतीवर ठेवा. कपाटाच्या वरच्या बाजूला दोन्ही टोकांना एल पट्टी किंवा मजबूत पट्टा. स्क्रू कपाटाच्या जाड लाकडात गेला पाहिजे, मागच्या पातळ प्लायमधे नाही, ती प्लाय स्क्रूसकट उपटून येते. भिंत विटांची किंवा काँक्रीटची असेल तर ड्रिल करून भोकात स्क्रू पकडून ठेवणारा प्लग बसवून मगच स्क्रू, पोकळ पार्टिशन असेल तर मागे लाकडी किंवा लोखंडी चौकट कुठे आहे ते शोधून तिच्यातच. झालं की वरची कड दोन्ही हातांनी धरून जोरात पुढे ओढून बघा, जरासुद्धा हललं तर झालेलं नाही.

राहिले घरमालक. त्यांना लिहून द्या की घर सोडताना भोकं पुट्टीने बुजवून देईन, रंगाचा हात मारून देईन. तरी नाही म्हणाले तर वाद घालत बसू नका, कपाट ज्या खोलीला कडी लागते तिथे हलवा आणि ती खोली मुलांसाठी बंद. डबल साइड टेपने भिंतीला चिकटवायचा सल्ला कोणीतरी देईलच, तो ऐकू नका. आणि कपाटाच्या डोक्यावर रिमोट, आवडती बाहुली, खाऊचा डबा ठेवायची सवय मोडा, कारण मूल कपाटावर कपाटासाठी चढत नाही, वरच्या डब्यासाठी चढतं.

प्रश्न: एका पालकांनी त्यांच्या मोठ्या मुलाचा लाकडी बेबी कॉट पाळणाघराला दिलाय. भक्कम आहे, एक बाजू खाली सरकते त्यामुळे बाळ उचलायला सोपं जातं. दोन स्क्रू हरवलेत, तिथे तारेने घट्ट बांधलंय. वापरू ना?

उत्तर: नका वापरू. तारेचं ऐकल्यावर तर नकोच. ती सरकणारी बाजूच धोक्याची आहे, कारण वापरून वापरून तिचे प्लास्टिकचे तुकडे झिजतात, बाजू एका टोकाला सुटते आणि गादी आणि बाजू यांच्यामधे जी फट पडते त्यात बाळ अडकतं. अशा कॉटची विक्री अमेरिकेत 2011 पासून बंद आहे आणि पाळणाघरांना 2012 च्या डिसेंबरपर्यंत जुने कॉट काढून टाकायला लावले होते. पालकांना वाईट वाटेल म्हणून ठेवू नका, स्पष्ट सांगा. आणि दुसऱ्या कोणाला देऊनही टाकू नका, तोडूनच टाका.

दुसरा घ्याल तेव्हा टेप घेऊन जा. दोन गजांमधली फट 6 सेंटीमीटरपेक्षा जास्त नको, कोल्ड्रिंकचा नेहमीचा कॅन त्यातून पार जात असेल तर फट मोठी आहे. कारण बाळाचं अंग पायाकडून बाहेर सरकतं आणि डोकं आत राहतं. गादी आणि कडेच्या मधे दोन बोटं जायला लागली तर गादी लहान आहे. कोपऱ्याचे खांब वर आलेले नकोत, अंगातला कपडा त्यात अडकतो. खूप जुना रंगवलेला कॉट असेल तर रंगात शिसं असू शकतं आणि दात येणारं बाळ पहिलं काय करतं तर कठडा चावतं. कॉट चांगला मिळाला की त्यात उशा, लोड, मऊ खेळणी भरू नका, सपाट घट्ट गादी, बाळ पाठीवर, बास.

प्रश्न: टेबलाच्या कोपऱ्यांना रबरी गार्ड आणि सॉकेटला प्लास्टिकची झाकणं लावलीयेत. बरोबर केलं ना?

उत्तर: चालतील, पण रोज सकाळी मुलं यायच्या आधी मोजा. एक जरी कमी भरलं तर ते कोणाच्या तरी तोंडात आहे असं समजून शोधायला लागा. टोकदार टेबल हलवता येत असेल तर गार्डपेक्षा ते बरं.

प्रश्न: आमच्याकडे शाळेतून येणारी दोन मोठी मुलं पण असतात. ती मणी, छोटे ब्लॉक, चालती गाडी घेऊन बसतात आणि रांगणारं बाळ लगेच तिकडे. मोठ्यांना खेळायला नाही म्हणायचं का? आणि जेवायच्या उंच खुर्चीचंही सांगा ना, आमचं बाळ त्यात फार धडपड करतं.

उत्तर: नाही कशाला म्हणायचं, जागा बदला. मोठ्यांना टेबलावर बसवा, खेळ संपला की डबा बंद करून वर, आणि खालची जमीन तुम्ही स्वतः गुडघ्यावर बसून बघा, उभ्याने बघितलं तर सोफ्याखालचा मणी दिसतच नाही. घरात कोणती वस्तू खाली चालेल हे नेहमी सगळ्यात लहान मुलाच्या हिशोबाने ठरवायचं. खेळण्यांच्या तपासणीत साधारण 3.2 सेंटीमीटर व्यासाची नळी वापरतात, त्यात जे पूर्ण मावतं ते तीन वर्षांखालच्यांना द्यायचं नाही. तुम्हाला तेवढं मोजत बसायला नको, टॉयलेट पेपरची आतली पुठ्ठ्याची नळी घ्या, ती थोडी मोठी असते म्हणजे तुमची तपासणी जास्तच कडक होईल.

पण मला मण्यांपेक्षा त्या चालत्या गाडीची जास्त काळजी आहे. तिच्या आत बटण सेल आहे का बघा. रिमोटमधे, किचनच्या वजनकाट्यात, थर्मामीटरमधे, गाणं वाजणाऱ्या ग्रीटिंग कार्डात, सगळीकडे ते चपटे सेल असतात. 20 मिलिमीटरचा लिथियम सेल बाळाच्या अन्ननलिकेत अडकला की ओलाव्यातून करंट वाहतो, तिथे तीव्र अल्कली तयार होते आणि दोन तासांत आतून गंभीर भाजतं. सेल संपलेला आहे, घड्याळ चालत नव्हतं, म्हणून निश्चिंत राहू नका, त्यातही भाजण्याइतकी पॉवर उरलेली असते. ज्याचं झाकण स्क्रूने बंद होत नाही ती वस्तू मुलांच्या खोलीत नकोच. जुने सेल ड्रॉवरमधे सुटे टाकून ठेवू नका, टेपमधे गुंडाळून लगेच टाकून द्या. गिळल्याचा नुसता संशय आला तरी उलटी काढायला जाऊ नका, खोकतंय का, लाळ गळतेय का वाट बघू नका, एक्सरे असलेलं हॉस्पिटल गाठा आणि दारातच सांगा की बटण सेल आहे.

उंच खुर्चीत कमरेचा पट्टा लावून भागत नाही, दोन पायांमधून जाणारा पट्टाही हवा, नाहीतर मूल खाली घसरतं आणि मान ट्रेला अडकते. पट्ट्याऐवजी ट्रेवर भरवसा ठेवू नका. आणि खुर्ची टेबलाच्या किंवा भिंतीच्या अगदी जवळ मांडलीय का बघा, बाळ पाय लावून धक्का देतं आणि खुर्ची मागे पडते, तुम्ही म्हणताय ती धडपड बहुतेक हीच असेल. पाय पोचणार नाहीत एवढी लांब घ्या. घडीची खुर्ची असेल तर कुलूपपट्टी खट् वाजून बसल्याशिवाय मुलाला ठेवू नका, आणि उघडताना-मिटताना एकही मूल हाताच्या अंतरात नको, बोटं बिजागरीतच जातात.