लेक लग्नात चेलो वाजवायचं म्हणते, वाजवू द्यावं का?

नमस्कार भाऊसाहेब,

चोपड्याहून पाठवलेलं तुमचं पत्र मिळालं. मुलगी गावातल्या क्लासात व्हायोलिन शिकली, गांधर्व महाविद्यालयाची मध्यमा परीक्षा झाली, बी.कॉम.साठी पुण्याला गेली आणि तिथे तिला चेलोचा, म्हणजे व्हायोलिनच्याच जातीच्या पण मोठ्या वाद्याचा, नाद लागला. पदवी घेऊन ती घरी आली. जळगावला चुलत बहिणीच्या साखरपुड्यात तिनं एकटीनं वाजवलं, लॉनच्या मालकांनी तिथल्या तिथे नंबर मागून घेतला, आणि आता ती म्हणते की मी हेच करणार. तुमचे प्रश्न दोन आहेत: यात पोट भरेल का, आणि ‘शेतकऱ्याची पोर वाजंत्री झाली’ असं भाऊबंद म्हणतील त्याचं काय.

दुसरा आधी घेते, कारण पत्रात खरा जीव त्यातच अडकलेला दिसतो.

आपल्याकडे वाजंत्र्यांशिवाय लग्न लागत नाही. दारात सनई-चौघडा हवा, वरातीत बँड हवा, आणि वाजवणाऱ्यांना मात्र सगळ्या पंगती उठल्यावर बट्टी-वरण वाढायचं, ही रीत आपणच चालवली. त्यात कमीपणा असेल तर तो आपला, वाजवणाऱ्याचा नाही. उस्ताद बिस्मिल्ला खाँ यांची सनई म्हणजे लग्नाचं आणि देवळाचंच वाद्य. तीच सनई लाल किल्ल्यावर वाजली, आणि २००१ मध्ये खाँसाहेबांना भारतरत्न मिळालं. भाऊबंदांना काय उत्तर द्यायचं ते तुम्ही ठरवा. पण घरात मुलीसमोर तो टोमणा पुन्हा निघू देऊ नका. तिला रात्री-अपरात्री कामावरून परतायचं आहे, चारचौघांत पैशाचं बोलायचं आहे. त्यासाठी लागणारी पाठराखण घरातूनच मिळायला हवी.

आता पोटाचं. नुसत्या लग्नांवर वर्ष निघणार नाही. तुळशीचं लग्न लागलं की तिथी सुरू होतात, आषाढीला चातुर्मास लागला की थांबतात. मध्ये गुरू-शुक्राचा अस्त आला की तेवढे दिवस कोरडे. दाट तिथीला चार सुपाऱ्या येतील, पण तिला घेता येईल एकच. शिवाय कापसाला-केळीला भाव नसला की लग्नाच्या खर्चात पहिली काट कुठे बसते, हे तुम्हाला मी सांगायला नको. म्हणून दुसरी मिळकत हवी, आणि ती तिच्या हातात आहे. व्हायोलिनची विशारद तिनं पूर्ण करावी. चोपड्यात चेलो शिकायला पोरं येणं अवघड. व्हायोलिनला येतील, गांधर्वच्या परीक्षांनाही बसतील. पावसाळ्यात घर त्या क्लासवर चालेल.

लग्नात तिची जागा कुठली, हेही तिनं ओळखायला हवं. हळदीच्या रात्री डीजेवर अहिराणी गाणी लागली की मांडव हादरतो, तिथे चेलो नेऊ नये. वरातही तिची नाही. साखरपुडा तिचा, संध्याकाळचं स्वागत तिचं, डोहाळजेवण, पंचाहत्तरीचा सोहळा, सराफी दुकानाचं उद्घाटन ही कामं तिची. मंगलाष्टकांच्या वेळी गुरुजींची पट्टी आधी विचारून खालचा षड्ज, म्हणजे सा, धरून ठेवला, तर माईकवर येणाऱ्या आत्या-मावश्यांनाही सूर सापडतो. असं एकदा झालं की पुढचं आमंत्रण त्या मांडवातूनच निघतं.

तिथे पोहोचल्यावरच्या अडचणी अगदी साध्या असतात, आणि त्याच कार्यक्रम बिघडवतात. चेलो बसून वाजवतात. कार्यालयात मिळतात हाताच्या खुर्च्या नाहीतर सोफे. हाताच्या खुर्चीत कोपर अडकतं, गज पुरता फिरत नाही. बिनहाताचं, सपाट बैठकीचं स्टूल तिनं स्वतःचं न्यावं. वाद्याच्या खालची टोकदार दांडी फरशीवर सरकते आणि लॉनच्या मातीत रुतते, म्हणून स्टुलाच्या पायात अडकवायचा पट्टा सोबत ठेवावा. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा पंचेचाळीसच्या आसपास असतो. बंद गाडीत वाद्य राहिलं तर लाकूड जोडणारा सरस मऊ पडून सांधा उकलतो, आणि तसल्या दुरुस्तीला पुणं-मुंबई गाठावी लागेल. मांडवातला मोठा कूलर समोरून ओला वारा मारत असेल तर लाकूड फुगतं, खुंट्या अडकतात, लावलेला सूर हलतो. कूलर वळवून घ्यायला सांगताना तिनं भीड धरू नये.

तिच्या वाजवण्याबद्दल माझी अपेक्षा कडक आहे. साथीला कोणी नसताना चाळीस मिनिटं एकटीनं, तीच चाल परत न वाजवता धरून ठेवता आलं पाहिजे. चेलोच्या शेजारशेजारच्या तारा एकमेकींपासून षड्ज-पंचमाच्या अंतरावर असतात; दोन तारांवर एकदम गज फिरवला की सुराला आधार मिळतो. गिटारीसारखे पडदे नसल्यानं मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, येते, आवाज माणसाच्या गळ्याजवळचा. सास्किया राव-द हास या मूळच्या नेदरलँड्सच्या कलाकार चेलोवर हिंदुस्थानी राग वाजवतात. त्यासाठी त्यांनी वाद्यच बदलून घेतलं: आकारानं लहान, तरफेच्या, म्हणजे न छेडता आपोआप झंकारणाऱ्या, तारा असलेलं, जमिनीवर बसून वाजवता येईल असं. तुमच्या मुलीनं त्यांना जरूर ऐकावं. मध्यमेपर्यंतचे राग तिला येतात, ही तिची मोठी जमा आहे. फक्त सिनेगीतांच्या धून बसवून ती थांबली तर दोन हंगामांत लोकांना तोचतोचपणा वाटेल. पुण्याच्या शिक्षकांकडचं शिक्षण तिनं सोडू नये, महिन्यातून एकदा जाऊन का होईना.

बिदागी आधी ठरवावी, निम्मी आगाऊ घ्यावी, आणि व्हॉट्सॲपवर का होईना, लिहून घ्यावी. वेळ घड्याळाप्रमाणे मोजायची, वरात पोहोचल्यापासून नाही. आपल्याकडे वरात पारावर नाचत राहते आणि साडेअकराचा मुहूर्त दीडला लागतो. जाण्या-येण्याची गाडी यजमानांकडून. नात्यात फुकट वाजवायचं तर फक्त सख्ख्यांत, तेही आहेर म्हणून.

कायद्याचंही सांगते. लग्नाच्या सोहळ्यात सिनेगीत वाजवायला परवाना लागत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातल्या कलम ५२ मध्ये वरातीसह लग्नाच्या समारंभांना तशी सूट आहे. दुकानाचं उद्घाटन किंवा हॉटेलातला कार्यक्रम त्या सुटीत बसत नाही. तिथला परवाना आयोजकांनी काढायचा, असं ठरावात लिहून घ्यावं. आणि रात्री दहा वाजले की स्पीकर बंद.

तिला दोन हंगाम द्या, भाऊसाहेब. तोवर लग्नाचा विषय काढून तिच्यामागे लागू नका. ती बी.कॉम. आहे, तेव्हा हिशेबाची वही तिनंच ठेवावी: कोणत्या तिथीला काय मिळालं, गाडीला आणि तारांना किती गेले, क्लासचे किती आले, कोणत्या घरातून पुन्हा बोलावणं आलं. दुसऱ्या आषाढीला त्या वहीची झेरॉक्स मला पाठवा. पूर्णवेळ हेच करायचं की सोबत अर्धवेळ हिशेबनीसाची नोकरी धरायची, ते आकडे बघून ठरवू.