बुकिंगचा डेटा ठेवू कुठे?

प्रश्न: हणजूण-शिवोलीच्या होमस्टेवाल्यांसाठी वर्डप्रेसचा बुकिंग प्लगइन बनवतोय. डेटा ऑप्शन्समध्ये टाकू, पोस्टमेटात, की वेगळं टेबल करू? – एक वाचक, म्हापसा

उत्तर: वेगळं टेबल, बिनधास्त. ऑप्शन्स हे वर्डप्रेसचं टेबल सेटिंगसाठी, म्हणजे दर, चेक-इनची वेळ वगैरे, त्यात सगळी बुकिंगं एका ॲरेत कोंबलीत आणि ऑटोलोड चालू राहिलं तर साइटचं कुठलंही पान उघडताना ती अख्खी यादी मेमरीत येणार, शिवाय डिसेंबरात दोघांनी एकाच क्षणी बुक केलं की एकाचं दुसऱ्यावर लिहून गायब. पोस्टमेटा (पोस्टला जोडलेल्या जादा माहितीचं टेबल) जरा बरा, पण त्यात व्हॅल्यूचा कॉलम लाँगटेक्स्ट (लांब मजकुराचा) आणि त्यावर इंडेक्स (झटपट शोधायची सूची) नाही, मग २४ ते ३१ला कुठली खोली रिकामी हे शोधताना सर्व्हर घामाघूम. स्वतःच्या टेबलात तारखांना डेट टाइप द्या, इंडेक्स लावा, टेबलाच्या नावाला साइटचा प्रीफिक्स (नावाआधीची अक्षरं) लावायचा. टेबल डीबीडेल्टाने (वर्डप्रेसचं टेबल बनवायचं-बदलायचं फंक्शन) बनवा, स्कीमाचा (टेबलाच्या रचनेचा) व्हर्जन नंबर तेवढा ऑप्शन्समध्ये.

आणि डिॲक्टिव्हेट केल्यावर डेटा पुसू नका हां, लोक काही अडलं की आधी प्लगइनच बंद-चालू करून बघतात. पुसायचं ते अनइन्स्टॉललाच, तेही मालकाला विचारून.